बाबांचं 'हो'

प्रिय बोक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. बाबा बरे आहेत. दुपारचं जेवले, थोडा वेळ खिडकीत बसले, आता पडलेत. मी आज रजा टाकून घरी बसले आहे ती खास तुला लिहायला. हातात फोन असताना ताईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तू बायकोला विचारशील. त्याला कारण तुझीच सवय. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू 'हां, हां, कळलं' म्हणतोस आणि पुढच्या मुद्द्यावर उडी मारतोस. लहानपणी गणिताच्या सरांपुढेही हेच करायचास आणि मग पेपरात दिवे लावायचास. पत्राला 'हां, हां' म्हणून बघ, ते काही थांबणार नाही. आणि या वेळी मला कोणी मध्येच अडवायला नको आहे.

गुरुवारी तू वकीलबाईंना घेऊन येतो आहेस. खालचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या विकायच्या, बाबांना तुझ्या गावी न्यायचं, तिथल्या त्या उपचार केंद्रात ठेवायचं आणि मी या जिन्यातून एकदाची सुटायचं, असा तुझा बेत आहे. बेतात खोट काढण्यासारखं काही नाही, तू बाबांचं वाईट चिंतणारा नाहीस, हे मी आधीच लिहून टाकते. वकीलबाई बाबांना विचारणार, बाबा 'हो' म्हणणार. मग त्या माझ्याकडे वळून विचारणार, की हा त्यांचा खरा होकार आहे ना, आणि मीही 'हो' म्हणायचं. दोघांचं 'हो' मिळालं की काम फत्ते. मला तुझ्याशी बोलायचंय ते या एवढ्याशा शब्दाबद्दल. हसू नकोस, मी बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून केस पांढरे केलेत. या विषयावर माझ्याइतका अभ्यास कोणाचा नसेल.

खिडकीशी येणारी माणसं प्रश्न विचारायला येतात असं तुला वाटत असेल. छे! ती होकार घ्यायला येतात. गाडी येणार आहे, वेळेवर येणार आहे, जागा मिळणार आहे, एवढं कोणीतरी आपल्याला सांगावं आणि आपण बाकड्यावर जाऊन निवांत बसावं, एवढीच त्यांची मागणी असते. माझ्याआधी त्या खुर्चीवर जे गृहस्थ बसायचे ते सगळ्यांना 'येतेच आहे' म्हणायचे. गाडी डेपोतून सुटलेली नसायची, कधी कधी गाडीला चालकसुद्धा नेमलेला नसायचा, पण 'येतेच आहे'! लोक त्यांच्यावर खूश असत. मी आल्यावर खरं सांगायला लागले, की गाडी आज येईल असं दिसत नाही, तर लोक माझ्यावरच डाफरले, जणू गाडी मीच अडवून ठेवली होती. पुढे मीही शिकले. 'बघू' म्हणजे नाही, 'प्रयत्न करते' म्हणजे अजिबात नाही, 'होऊन जाईल' म्हणजे तुमचं तुम्ही बघा. 'बरं' हा शब्द तर फार कामाचा. त्याने काही कबूलही होत नाही आणि समोरचा गप्पही बसतो. आपल्या सरकारी खात्यात निम्मी कामं 'बरं'वर आणि निम्मी 'ठीक आहे'वर चालतात. नुसतं, मोकळं, ठणठणीत 'हो' ऐकायला मिळणं मुश्कील.

आणि म्हणूनच बाबांचं मला नेहमी नवल वाटायचं. शिंप्याचं 'हो' जगात कोणी मनावर घेत नाही. शुक्रवारी कपडे मिळतील असं शिंपी म्हणाला की माणूस पुढच्या बुधवारची तयारी ठेवतो. पण आपल्या दुकानात तसं नव्हतं. गिऱ्हाईकाने कापड टेबलावर टाकलं की बाबा आधी त्याचा पन्हा बघायचे, दोन बोटांत धरून कापड चाचपायचे, टेप लावायचे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. आणि मग बाबा एकदाच 'हो' म्हणायचे. त्यानंतर आकाश कोसळो, कपडे त्या दिवशी तयार. आई म्हणायची, तुमच्या बाबांना लग्नाला तयार आहात का विचारलं, तेव्हाही त्यांनी आधी माझ्याकडे असंच बघितलं, मला वाटलं आता टेप काढतात.

तुला यातलं फारसं आठवणार नाही. तुला दुकानात पाऊल ठेवायची बंदी होती. पोरगा हुशार आहे, त्याने मशीनच्या खडखडाटात बसायचं नाही, वर बसून अभ्यास करायचा, हा आईचा हुकूम. मी काही हुशार नव्हते, त्यामुळे शाळेतून आले की खाली बसून काज करायचे, बटणं लावायचे, अस्तर उसवायचे. त्याचा मला तेव्हा राग यायचा. आता येत नाही. तू वर बसून जे शिकलास त्यावर आज बाबांची औषधं येतात आणि मी खाली बसून जे शिकले त्यावर हे पत्र लिहिते आहे.

आईचा विषय निघालाच आहे तर तिचंही सांगते. बाबा खोटं बोलत नसत, त्यामुळे घरातलं आणि दुकानातलं लागेल तेवढं खोटं आईलाच बोलावं लागे, आणि ते ती मनापासून बोलायची. पण तिच्याकडे प्रत्येक खोट्याला वेगळा शब्द होता आणि एकाच्या जागी दुसरा वापरलेला तिला खपायचा नाही. मशीन बिघडलंय, असं ती गिऱ्हाईकाला सांगायची, ती सबब. तुझ्या पोटात परीक्षेच्या दिवशी दुखायचं, ते ढोंग. समोरचा चष्मेवाला परदेशातल्या नातेवाइकांच्या गोष्टी सांगायचा, त्या बाता. मारलं कोणी नसताना तू जिन्यातून रडत वर यायचास, तो कांगावा. पाहुणे निघताना त्यांना अजून राहा म्हणायचं, ती रीत, ते खोट्यात धरायचंच नाही. आणि ज्याने सगळे हसतात, सांगणाराही हसतो, ती थाप. थापेला तिची काही हरकत नव्हती. थापाड्या माणसाला ती आवडीने चहा द्यायची.

दुकानाच्या आरशाला तडा गेला तो दिवस आठवतो? तू चेंडू मारलास आणि वाऱ्याने दार आपटलं असं ठोकून दिलंस. आईला ते कळलं होतं. बाहेर पान हलत नव्हतं. ती गालात हसत होती, कारण तोवर ती थापच होती. पण बाबांनी दार कोणी उघडं टाकलं म्हणून मला बोल लावला, आणि तू कोपऱ्यात उभा राहून ते ऐकून घेतलंस, तेव्हा आईचा चेहरा बदलला. तिने तुला हाताला धरून पुढे आणलं आणि सांगितलं, की आता ही थाप राहिली नाही, आता ही लबाडी झाली. खोटं कोणाच्या अंगावर जाऊन पडतं त्यावर त्याचं नाव ठरतं, असं तिचं म्हणणं. मला गंमत वाटते ती वेगळीच. आपल्या भाषेत खोटं धादांत असतं, साफ असतं, शुद्धसुद्धा असतं. खरं बिचारं नुसतं खरं असतं, फार झालं तर खरंखुरं. जास्त सजावट खोट्यालाच लागते बहुतेक.

आता बाबांकडे येते. झटका आला आणि उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि शब्द गेले. सगळे गेले आणि एक राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो. कोणाची शिवी राहते, कोणाचं बायकोचं नाव राहतं. बाबांचं 'हो' राहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर हा शब्द मोजूनमापून वापरला, त्याच्या तोंडात आता तो एकच, आणि तो सगळ्यासाठी. पाणी हवं, हो. पाणी नको, हो. पाय दुखतोय, हो. खिडकी लाव, हो. रागावले तरी 'हो'च, फक्त मोठ्याने. सुरुवातीला मी वेडी झाले होते. त्यांना कढत पाण्याने आंघोळ घातली, कारण मी विचारलं होतं पाणी बरोबर आहे का, आणि ते म्हणाले होते हो. अंग लाल झाल्यावर मला कळलं. स्पीच थेरपीच्या बाईंनी मला बसवून समजावलं, की त्यांना ऐकू येतं, कळतं, मनात उत्तरही तयार होतं, पण बाहेर येताना ते 'हो' होऊन येतं. त्यांच्या 'हो'ला उत्तर समजायचं नाही, एवढं त्यांनी मला दहा वेळा बजावलं.

पण लोकांना ते फार सोयीचं झालं. चष्मेवाल्याने बाबांना विचारलं, तुमच्या रिकाम्या दुकानात माझी चार खोकी ठेवू का? हो! दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर कटिंगचं टेबल दिसेना, चष्म्याच्या काचांची खोकी छतापर्यंत. मी जाऊन जाब विचारला तर म्हणतो, मास्तरांनी स्वतः हो म्हटलं, विचारा त्यांना. मी म्हटलं, चला, तुमच्यासमोर विचारते. बाबांना विचारलं, याला आत्ताच्या आत्ता खोकी उचलायला सांगू का? हो! आणखी विचारलं, याचं दुकान आपल्या नावावर करून घेऊ का? हो, हो! खोकी संध्याकाळच्या आत गेली.

हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलास. पण बोक्या, दर रविवारी तूही तेच करतोस. चिडू नकोस, वाच. बाबा, बरं वाटतंय का? हो. जेवलात का? हो. माझी आठवण येते का? हो. मग तू समाधानाने फोन ठेवतोस आणि तुझा आठवडा चांगला जातो. मी बाजूला फोन धरून उभी असते आणि काही बोलत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की बाबांचा चेहरा खरंच उजळतो, ते खोटं नाही. एकदा तू गमतीत विचारलंस, बाबा, मी तुमचा नावडता ना? आणि बाबा म्हणाले, हो. तू जोरात हसलास. मग काम आहे म्हणून घाईने फोन ठेवलास. त्यानंतर तू तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाहीस. म्हणजे तुलाही ठाऊक आहे, कुठेतरी. जे 'हो' गोड आहे ते धरायचं आणि जे टोचतं ते हसण्यावारी न्यायचं, असं करता येत नाही.

मागच्या खेपेला तू आलास तेव्हा दुकानाचा विषय काढलास. त्यांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसलास, त्यांचा हात हातात घेतलास. तू किती चांगलं बोललास ते मला आठवतं. विचारलंस, बाबा, दुकान आता विकून टाकू या? हो. सगळं आवरून माझ्याकडे चला, येणार? हो, हो. आणि मग त्यांनी मांडीवरचा नॅपकिन उचलला, डाव्या एका हाताने गुडघ्यावर पसरला, त्याची घडी केली, घडीवरून तळवा फिरवला, पुन्हा घडी केली, आणि तो तुझ्या दोन्ही हातांत ठेवला. कितीतरी वेळ लागला त्यांना. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. आपल्याला वाटलं, त्यांनी सगळं तुझ्यावर सोपवलं. तू तो नॅपकिन बॅगेत घालून घेऊन गेलास. तुझी बायको सांगत होती, तो तू कपाटात जपून ठेवला आहेस.

त्यानंतर काही दिवसांनी बँडमास्तर आले. बाबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या सगळ्या बँडचे गणवेश बाबांनीच शिवलेले. आता ते थकलेत, बँड मुलगा चालवतो, पण आले ते काखेत कापड घेऊनच. मला वाटलं, बाबांना बरं वाटावं म्हणून आणलं असेल. त्यांनी कापड बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि जुन्या थाटात विचारलं, काय मास्तर, कोट होईल का? बाबा म्हणाले, हो. मग त्यांनी कापड चाचपलं, गुडघ्यावर पसरलं, एका हाताने घडी केली, तळव्याने दाबली आणि बँडमास्तरांच्या हातांत दिलं. बँडमास्तर एवढंच म्हणाले, कळलं मास्तर, आणि कापड पिशवीत घातलं. माझ्याकडे पाठ करून ते डोळे पुसत होते. आणि मी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवून खालीच बसले.

कारण मला आठवलं. तू दुकानात नसायचास, तुला हे माहीत असणं शक्य नाही. बाबा गिऱ्हाईकाला तोंडाने कधी नकार देत नसत. त्यांच्या उस्तादांनी त्यांना तसंच शिकवलं होतं, की माणूस हौसेने कापड घेऊन आलेला असतो, त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही. कापड कमी पडत असेल, तारीख जमत नसेल, कपडा अंगाला शोभणार नसेल, तर बाबा त्या कापडाची कापडवाल्याच्या दुकानातल्यासारखी घडी घालायचे, तळव्याने सारखी करायचे आणि दोन्ही हातांनी गिऱ्हाईकाला परत द्यायचे. बस. जुनी गिऱ्हाइकं काय ते समजायची. नवं कोणी वाद घालायला लागलं तर आई पुढे होऊन सबब सांगायची. मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि तरी तुझ्या हातांत नॅपकिन ठेवला तेव्हा मला ते दिसलं नाही. आपल्याला दोघांनाही त्या वेळी काहीतरी गोड बघायचं होतं.

तू म्हणशील, ताई, तू राईचा पर्वत करतेस, योगायोगावर इमले बांधतेस. मीही स्वतःला तेच म्हटलं. म्हणून मी लगेच तुला फोन केला नाही. थेरपीच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बाबांच्या मांडीवर एक नॅपकिन कायम ठेवायला सांगितला आणि प्रश्न कसे विचारायचे ते शिकवलं. एकच गोष्ट कधी सुलटी विचारायची, कधी उलटी, आणि मध्ये भलतंच काहीतरी. चहा घेणार? हो, आणि नॅपकिन जागच्या जागी. कारल्याचा रस? हो, आणि घडी सुरू. दाढी करू? नॅपकिन तसाच. न्हाव्याला बोलावू? घडी. तो न्हावी फार बोलतो, त्यांना कधीच आवडला नाही. बाई स्वतः येऊन बसल्या, त्यांनी विचारलं, मी विचारलं, सकाळी विचारलं, संध्याकाळी विचारलं. बाबा एकदाही चुकले नाहीत. इतके दिवस ते आपल्याला नाही म्हणत होते आणि आपण त्यांच्या हातातला कपडा घेऊन बाजूला ठेवत होतो. ज्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की मला कळलंय, त्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि नुसतं हो, हो, हो करत राहिले. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मग आम्ही दोघांनी मिळून न्हाव्याला नकार दिला.

आणि मग मी दुकानाचं विचारलं. मुद्दाम बाईंसमोर विचारलं, माझ्या आवाजात काही येऊ नये म्हणून त्यांनाही विचारायला लावलं. दुकान विकायचं? घडी. दुकान ठेवायचं? नॅपकिन मांडीवर, त्यावर त्यांचा हात. पुन्हा दोन दिवसांनी, उलट क्रमाने. तेच. केंद्रात राहायला जाणार? घडी, आणि ती अशी जोरात माझ्या हातांत कोंबली की मला हसू आलं. आता तुझ्यासाठीचं. मी विचारलं, बोक्याकडे जायचं का, त्याच्या घरी, थोडे दिवस? नॅपकिनला त्यांनी हातही लावला नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, आणि दाराकडे बघायला लागले, जणू गाडी खाली उभी आहे. तुझ्याकडे यायला त्यांची तयारी आहे रे. इथलं सगळं मोडून यायला नाही. या दोन गोष्टी तू एकाच दमात विचारल्या होत्यास, म्हणून त्यांनी दोन्हींची मिळून एकच घडी केली.

दुकान ठेवून ते करणार काय, हा तुझा पुढचा प्रश्न. सकाळी मी आणि खालचा पेपरवाला मिळून त्यांना खाली उतरवतो. ते कटिंगच्या टेबलाशी बसतात. डाव्या हाताने खडू धरून जुन्या तुकड्यांवर रेघा मारतात. रेघा वाकड्या येतात, ते पुसतात, पुन्हा मारतात. रस्त्यावरून जाणारे हात करतात. कोणी बटण तुटलं म्हणून येतं, मी कामावर जायच्या आधी लावून देते आणि बाबा ते ओढून तपासतात. गेल्या आठवड्यात त्यांनी माझं एक बटण नापास केलं. मला पुन्हा लावावं लागलं. यातून कोणाचं पोट भरत नाही, हे मलाही दिसतं.

आणि मी काही फार थोर आहे असं समजू नकोस. तुझ्या बेताचा सगळ्यात जास्त फायदा मलाच होता. जिना चढून माझे गुडघे गेलेत. मुख्य कार्यालयात बदली मागितली तर मिळेल, खिडकीऐवजी टेबल मिळेल, शांत झोप मिळेल. तू दुकान विकायचं म्हणालास तेव्हा मला मनातून हायसं वाटलं होतं. त्या नॅपकिनमध्ये मला आशीर्वाद दिसला त्याचं निम्मं कारण हेच. त्यामुळे तू काय केलंस त्याला आईच्या शब्दांपैकी कोणता लावायचा, यावर मी खूप विचार केला. थाप नाही, लबाडी तर नाहीच, तू बाबांना फसवलेलं नाहीस. जे ऐकायला हवं होतं तेवढंच आपण दोघांनी ऐकलं. त्याला आईकडे शब्द होता की नाही मला आठवत नाही. पण गुरुवारी वकीलबाईंसमोर ते 'हो' बाबांच्या तोंडून वदवून घेतलं आणि आता सगळं माहीत असताना मी त्यावर मान डोलावली, तर त्याला काय म्हणायचं ते मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. परवा तू फोन केलास तेव्हा मी जिन्यात उभी होते, हातात पिशव्या, दिवसभर खिडकीत बोलून घसा बसलेला, आणि वर बाबा एकटे. तू विचारलंस, ताई, गुरुवारी तू सांगशील ना, की हा त्यांचा खरा होकार आहे? इतक्या मायेने विचारलंस, आणि मी म्हणाले, हो. तू 'वा, सुटलो' म्हणालास आणि फोन ठेवलास. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. मला झटका आलेला नाही, बोक्या. माझ्याकडे 'नाही' होतं, 'थांब' होतं, 'आधी माझं ऐक' होतं, सगळे शब्द शाबूत होते, आणि तरी माझ्या तोंडून 'हो' आलं. ते खोटं होतं. ते मी परत घेते आहे. वकीलबाई मला विचारतील तेव्हा मी नाही म्हणणार. बाबांना सगळं कळतं, म्हणूनच नाही. तू शेजारी बसलेला असशील, तू चिडशील, कदाचित माझ्याशी बोलणं टाकशील, तरी नाही. चार परक्या माणसांत हे तुझ्या कानावर पहिल्यांदा पडू नये, म्हणून आज रजा घेतली. वकीलबाईंना आणायचं की नाही ते तू ठरव. तू मात्र ये.

तुझीच, आणि या वेळी तुझं न ऐकणारी,
ताई